पांढऱ्या डबीतलं मलम

माझं तोंड तेलकट होतं. सकाळी धुवावं आणि शाळेची घंटा व्हायच्या आत कपाळ, नाक, हनुवटी पुन्हा चमकायला लागावी, असं तेल. यात माझा काही गुन्हा नव्हता. पण आमच्या घरात, गल्लीत आणि पुढे तर अख्ख्या बाजारात तो गुन्हाच ठरला, आणि ज्यांनी ठरवला त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी साठी ओलांडली, गुडघे गेले, चष्म्याचा नंबर वाढला, राग मात्र जिथल्या तिथे आहे. तो इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्या माघारी कुणी "मंदाआत्या लई शांत होत्या" असं म्हणायला नको.

आठवीत असताना पुटकुळ्या सुरू झाल्या. आधी कपाळावर, मग गालांवर. आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला वाटायला लागलं की या पोरीच्या तोंडावर आपलाही हक्क आहे. शेजारच्या गयाकाकू यायच्या, माझी हनुवटी धरायच्या, तोंड उजेडाकडे वळवायच्या आणि आईला सांगायच्या, "हिला लिंबू चोळ." लिंबू चोळलं जायचं. दुसरी कुणी सांगायची खायचा सोडा, तो लावला जायचा. चुलीतली राख झाली, आंबट ताकात कालवलेलं हरभऱ्याचं पीठ झालं, कडुलिंबाचा पाला वाटून झाला, एकदा तर दात घासायची पेस्टसुद्धा झाली. तेल जावं म्हणून दिवसातून कितीदा तरी कपड्याच्या साबणाने तोंड धुवायला लावायचे. धुतल्यावर कातडी अशी ओढली जायची की हसता यायचं नाही, आणि घटकाभराने दुप्पट तेल. एवढं घासतोय म्हणूनच तर हे होत नसेल ना, अशी शंका एकाही शहाण्याला आली नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, अजून घास.

मग माझ्या ताटावर संक्रांत आली. आमच्याकडे संध्याकाळी बाजरीची भाकरी, भाजलेल्या धान्याच्या पिठाची, म्हणजे येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी असायची. आई पाट्यावर चटणी वाटायला बसली की त्या आवाजावर आम्ही भावंडं चुलीपाशी गोळा व्हायचो. ताटात चटणीच्या मधोमध आळं करायचं, त्यात तेल ओतायचं आणि बोटाने कालवायचं. माझ्या चटणीतलं तेल बंद झालं. मग चटणीच बंद झाली, कारण दाण्यात तेल. गूळ उष्ण, आंबा उष्ण, वांगं तर नावच नको. मी कोरडी भाकरी आमटीच्या पाण्यात बुडवून खायची आणि माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ दिगू तेलात भिजलेली चटणी चापायचा. आता ऐका. दिगूच्या तोंडावर माझ्यापेक्षा जास्त पुटकुळ्या होत्या. मोठ्या, लाल, पिकलेल्या. त्याला लोक काय म्हणायचे? "पोरगं वयात आलंय." एवढंच म्हणायचे आणि कौतुकाने हसायचे. त्याला ना कुणी राख लावली, ना त्याच्या ताटातलं काही काढलं. त्याचं तोंड त्याचं होतं.

दिगूची मुलगी तन्वी आता संभाजीनगरला शिकते. तिचंही कपाळ आमच्यासारखंच. सुट्टीत माझ्याकडे येते तेव्हा कपाटावर तिच्या छोट्या छोट्या बाटल्या उभ्या राहतात. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा चष्मा लावला, एकेक बाटली हातात घेतली आणि मागचं बारीक अक्षर वाचत बसले. तिने मला समजावून सांगितलं, "आत्या, हे सॅलिसिलिक ॲसिड. छिद्रात साचलेलं तेल मोकळं करतं. रोज नाही लावत मी, कातडीला सोसेल तेवढंच. हे नायसिनामाइड, याने तेल जरा कमी सुटतं. आणि हे बिनतेलाचं मॉइश्चरायझर." मी म्हणाले, "आधीच तेलकट तोंड, त्याला वर हे कशाला?" तर म्हणते, "तेलकट कातडीलाही ओलावा लागतो गं. खरवडून कोरडी केली की ती आणखी बिघडते." पोरीने एका वाक्यात सांगून टाकलं. मला कौतुक वाटायला हवं होतं, पण आधी संतापच आला, की एवढं एक वाक्य आमच्या गल्लीत कुणाजवळ नसावं? तरीसुद्धा ठाऊक नसणं वेगळं आणि दिसत असून झाकणं वेगळं. गयाकाकूंना मी केव्हाच माफ केलं आहे. हे सगळं मी त्यांच्यासाठी लिहीत नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, बाजारोबाजार फिरून बायकांचं सामान विकायचे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पिना, काजळ, पावडर, तोंडाला लावायचा पांढरा स्नो. गेवराई तालुक्यात आठवड्याच्या कुठल्याही दिवशी कुठे ना कुठे बाजार भरतोच. दादा पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवायचे आणि निघायचे. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर, कारण बायका पोरीशी मोकळं बोलतात. मला ते आवडायचं, हेही सांगितलं पाहिजे. ताडपत्री झटकल्याचा फडफडाट, बांगड्यांची किणकिण, शेजारच्या कढईतल्या भज्यांचा वास, आणि परत निघताना दादांनी हातात ठेवलेला गोडीशेवेचा पुडा. दादांचं बोलणं फार गोड होतं. अनोळखी बाईलाही ते 'माय' म्हणायचे आणि ती बाई हात पुढे करून बांगड्या भरायला बसायची.

आमच्या बाजारांचा एक रिवाज होता. विकणाऱ्याने आधी स्वतः वापरून दाखवायचं. गुळवाला ढेपेचा पहिला खडा आपल्या तोंडात टाकायचा, मग गिऱ्हाइकाला द्यायचा. टरबूज कापलं की पहिली फोड विकणाऱ्याने खायची. तंबाखूवाला स्वतः मळून गालात धरायचा, चपला विकणारा आपल्याच चपला घालून बसायचा. कुणी तसं केलं नाही तर गिऱ्हाईक बेधडक म्हणायचं, "तुमी आदी." बांगड्यांची अडचण दादांनी मला बसवून सोडवली होती, माझे हात कोपरापर्यंत भरलेले असायचे. त्याच रिवाजाने पुढे माझं तोंडही दुकानात आलं. एका बाजारात सुनेला घेऊन आलेल्या बाईने स्नोची बाटली उचलली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि बाटली खाली ठेवली. "आदी आपल्या पोरीच्या तोंडाचं बगा, मंग आमाला इका," ती म्हणाली. भोवतालच्या बायका हसल्या. दादाही हसले. पण त्या दिवसापासून स्नो खपला नाही की दोष माझ्या तोंडाला लागायला लागला.

बीडला माझ्या मावशीचे यजमान एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं आणि ते गावाला कधी दुरुस्त करायचे नाहीत. दादांनी त्यांना बोलावून घेतलं. काका आले, चहा प्याले, माझ्या तोंडाकडे लांबूनच पाहिलं आणि पिशवीतून ट्यूबा काढल्या. एक गजकर्णाच्या मलमाची होती, ते मी वाचलं. बाकीच्यांवरची नावं त्यांनी आधीच खरवडून टाकली होती. सगळ्या ट्यूबा एका ताटलीत पिळल्या, त्यात आमच्याच दुकानातला स्नो घातला, चमच्याच्या दांडीने घोटलं आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत भरलं. डबीवर ना नाव, ना गाव. आई दाराशी उभी होती. तिने विचारलं, "पाव्हणं, ह्याच्यात काय काय घातलंय?" काका हसले. "आक्का, तुमाला सांगून कळणार हाय का?" दादाही हसले. आई आत निघून गेली. इतका सरळ प्रश्न होता. पोरीच्या तोंडाला जे लावायचं त्यात काय आहे, हे आईने विचारू नये तर कुणी विचारावं? आजही आमच्याकडच्या बाजारांत अशा बिननावाच्या डब्या विकल्या जातात, पार्लरमध्ये 'आमचं स्पेशल' म्हणून दिल्या जातात. मी काउंटरवर उभी राहून आईचाच प्रश्न विचारते आणि दुकानदार काकांसारखाच हसतो. मग मी तिथे असलेल्या पोरीबाळींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलते. लोक मला भांडकुदळ म्हणतात, खुशाल म्हणोत.

डबीतलं मलम लावलं आणि गुण आला. आठवडाभरात पुटकुळ्या बसल्या, तेल आटलं, रंग उजळला. मी आरशापुढून हलेना. माझ्या ताटात चटणी परत आली, तेलासकट. गयाकाकूंनी हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "आगं बाई, ही तीच मंदी का?" मी फार सुखात होते. दादांनी त्या सुखाला पेटीत भरलं आणि बाजारात नेलं. काकांकडून डब्यांवर डब्या यायला लागल्या. दादा मला ताडपत्रीच्या पुढच्या कडेला बसवायचे आणि म्हणायचे, "माय, हिचं तोंड गेल्या म्हैन्यात कसं व्हतं ते तुमी बगितलंय. आन आता बगा." बायका बघायच्या, हात लावून. गाल दाबायच्या, रंग तर नाही ना लावला म्हणून बोट फिरवून बोटाकडे बघायच्या. मग डबी घ्यायच्या. विकणाऱ्याच्या घरात आधी वापरलं गेलं होतं, रिवाज पाळला गेला होता, मग डबीवर नाव नसलं म्हणून कुणाचं काय अडत होतं? लग्नसराई जवळ आली तशा डब्या हातोहात जायला लागल्या. आमच्या शाळेत चकलांब्याहून रुक्मिण नावाची पोरगी यायची, माझ्याच बाकावर बसायची, तिच्याही तोंडावर पुटकुळ्या होत्या. चकलांब्याच्या बाजारात तिच्या आईने माझे दोन्ही गाल हातात धरून बघितले आणि रुक्मिणसाठी डबी घेतली.

उन्हं तापायला लागली आणि माझं तोंड बिघडायला लागलं. चुलीसमोर बसलं की गाल भाजल्यासारखे व्हायचे. कातडी इतकी पातळ झाली की खालच्या बारीक लाल शिरा दिसायच्या. गालांवर आणि ओठांच्या वर काळी लव उगवली. एखाद्या दिवशी मलम लावायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट पुटकुळ्या, म्हणून परत लावायचं. मी दादांना म्हणाले, "दादा, लई झोंबतंय." ते म्हणाले, "झोंबतंय म्हंजी औषध लागू पडायलंय." आमच्याकडे सगळ्यांची हीच समजूत, की झोंबेल तेच खरं औषध. आई म्हणाली, "आवं, बंद करू हे. पोरीचं तोंड भाजायलंय." त्यावर दादा म्हणाले, "एवढी लग्नसराई जाऊ दे." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला पावडरचा नवा डबा फोडून माझ्या हातात दिला. "जरा दाबून लाव," म्हणाले. आमचे नातेवाईक अजून म्हणतात, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक होतं. मी त्यांना एकच विचारते. ठाऊक नव्हतं, तर पावडर कशाला दिली?

नारायणगडाच्या यात्रेत आमचं दुकान लागलं होतं. यात्रा म्हणजे दादांचा वर्षाचा मोठा धंदा. बायका दर्शन करून यायच्या, पोरांच्या हातात पिपाण्या, कपाळाला बुक्का, आणि सगळ्या आमच्या ताडपत्रीभोवती वाकायच्या. गर्दीतून रुक्मिणची आई आली. मागे रुक्मिण, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे दिसत होते. शाळेला सुट्टी लागल्यापासून मी तिला पाहिलं नव्हतं. तिची आई भांडायला आली नव्हती, हे मला आजही खुपतं. ती अजिजीने बोलत होती. "भाऊ, तुमच्या पोरीला गुण आला, मंग आमच्याच पोरीला कावून आसं झालं?" असं म्हणून तिने रुक्मिणची ओढणी सोडली. रुक्मिणचे गाल सुजले होते, जागोजाग फुटले होते, एक डोळा सुजेमुळे अर्धा मिटला होता. ती खाली बघत उभी राहिली.

"मधीच बंद केलंत का?" दादांनी विचारलं.

"केलं की. आग व्हायली, आग व्हायली मनून रडायलीती."

"तितंच चुकलं, माय. ह्ये बंद करायचंच न्हाई. आमची बगा, रोज लावती."

दादांनी माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड त्या बाईकडे वळवलं. दुसऱ्या हाताने नवी डबी पुढे केली. रुक्मिणच्या आईने माझ्या पावडर लावलेल्या तोंडाकडे पाहिलं, तिला ते पटलं आणि तिचा हात डबीकडे गेला. ती डबी घेणार होती, घरी नेऊन त्या फुटलेल्या गालांना लावणार होती. पेटीजवळ पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला, ओंजळ भरून तोंडावर पाणी मारलं आणि ओढणीने खसाखसा पुसलं. सगळी पावडर ओढणीला लागली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी, घिऊ नका. माजं तोंड आता बगा."

त्या बघायला लागल्या. बाकीच्याही पुढे झाल्या. कुणीतरी म्हणालं, "आगं, हिला तर लव फुटलीय मिशीवानी." कुणीही हसलं नाही. दादा हळू आवाजात म्हणाले, "मंदे, खाली बस." मी बसले नाही. मग ते बायकांना सांगायला लागले, "उन्हानं झालंय, माय, यात्रंच्या उन्हानं." एका बाईने पिशवीतून कालच घेतलेली डबी काढली आणि ताडपत्रीवर ठेवून दिली. रुक्मिण माझ्याजवळ आली, माझ्या गालाला बोट लावलं आणि म्हणाली, "तुजं बी?" मी मान हलवली. तिची आई तिला घेऊन गर्दीत निघून गेली. दादांनी पेटी आवरली. यात्रा रंगात होती आणि आम्ही घरी निघालो.

घरी आल्यावर दादा आईला म्हणाले, "भर यात्रंत बापाची आब्रू काढली तुज्या लेकीनं." आई म्हणाली, "आन पोरीचं तोंड?" दादा बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी आईने मला गेवराईला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डबी उघडून पाहिली आणि विचारलं, यात काय आहे? आम्हा दोघींना सांगता येईना. त्यांना राग आला होता, पण तो आमच्यावर नव्हता. त्या म्हणाल्या, हे पुन्हा लावायचं नाही, तोंड नुसत्या पाण्याने धुवायचं, उन्हात जायचं नाही, आणि पुढचे काही महिने वाईट जातील ते सोसायचे. तसंच झालं. तोंड सुजलं, फुटलं, पाझरलं. आई ओलं फडकं गालांवर ठेवायची. तिचा पाट्यावर चालणारा हात थांबला की मला कळायचं, ती माझ्याकडे बघतेय. दिगू त्या दिवसांत माझ्यापुढे येऊन बसायचा आणि स्वतःच्या पुटकुळ्या फोडून घ्यायचा, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. दादा रोज दोन वेळा जेवायचे आणि माझ्याकडे न बघता उठायचे.

थोडे दिवस दादांनी दम धरला. पण डब्या पेटीत पडून होत्या. एका बाजाराच्या दिवशी सकाळीच ते पेटी घेऊन गेले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, मी तिच्या मागे सावलीत बसले होते. गयाकाकू बाजार करून लवकर परतल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "मंदे, आज तुज्या जागी कमळी बसलीय की गं दुकानात." कमळ म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची पोरगी, माझ्याहून लहान. तिच्या तोंडावर जन्मात एक पुटकुळी आलेली नव्हती. आईने हातातली भाकरी तशीच परातीत ठेवली, चुलीतलं लाकूड बाहेर ओढून त्यावर पाणी टाकलं, हात धुतले आणि मला म्हणाली, "चल." आई कधी दादांच्या दुकानावर गेली नव्हती. बायकोने बाजारात दुकानावर येणं दादांना आवडायचं नाही. आम्ही दोघी मायलेकी पायी निघालो. मी ओढणी तोंडाला गुंडाळली होती आणि ती जखमांना चिकटत होती.

आम्ही पोचलो तेव्हा दादा एका बाईला सांगत होते, "ही आमची पुतणी. हिचं बी तोंड लई बिघडलंतं. आता बगा." धडधडीत खोटं. कमळ नवीन टिकली लावून खूश बसली होती. मला वाटलं आता आई भांडेल. ती भांडली नाही. ताडपत्रीच्या पुढे, जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे, तिने मांडी घातली, मला शेजारी बसवलं, माझ्या तोंडावरची ओढणी सोडली आणि घडी करून आपल्या मांडीवर ठेवली. दादांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, "घरी जा." आई म्हणाली, "बसू द्या. बाजार हाय. कुणीबी बसतंय."

आणि आम्ही बसलो. एखादी बाई यायची, डबी उचलायची, कमळकडे बघायची, मग तिची नजर माझ्याकडे वळायची. "हिला काय झालं गं बाई?" आई सांगायची, "ह्येच लावलंतं." याच्यापुढे एक शब्द नाही. बाई डबी ठेवायची आणि उठायची. ऊन चढलं, आईने आपला पदर माझ्या डोक्यावरून घेतला. दादांनी एकदा खाली वाकून दातओठ खात विचारलं, "धंदा बसवायचा हाय का माजा?" दुपारपर्यंत एकही डबी गेली नाही. बांगड्यासुद्धा कुणी भरल्या नाहीत. मग दादांनी पेटीचं झाकण आपटून लावलं.

घरी परतताना दादा पुढे, खांद्यावर पेटी, मध्ये कमळ, मागे आम्ही. गावाबाहेरच्या हापशापाशी कमळ थांबली. ती रडवेली झाली होती. "काकू," ती म्हणाली, "मी बी लावलंय."

आई म्हणाली, "काय लावलंय?"

"त्येच." तिने दादांकडे बोट दाखवलं. "काकांनी दिलतं. मनले, रोज लाव, मंजी तोंड आसंच ऱ्हाईल. आज सकाळी बी लावलंय. मला बी मंदाआक्कासारकं हुईल का?"

ज्या पोरीच्या तोंडावर काहीच नव्हतं, तिलाही ते लावलं होतं. माझं तोंड रोज समोर दिसत असताना लावलं होतं. आईने पदर खोचला, कमळला हापशाच्या तोंडाखाली वाकवलं आणि दादांना म्हणाली, "हापसा."

आईने दादांना हुकूम सोडलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. दादांनी पेटी खाली ठेवली आणि ते हापसायला लागले. आईने कमळचं तोंड धुतलं, हळू, कपाळापासून मानेपर्यंत, परत परत. मग मला बोलावलं आणि माझं धुतलं. मग पेटी उघडली, एकेक डबी काढली, बोटाने मलम उकरून चिखलात टाकलं आणि रिकामी डबी बाजूला ठेवली. दादा हापसत होते. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. आईने सगळ्या डब्या संपवल्या, हात धुतले, तेव्हा कुठे ती म्हणाली, "बास."

कमळला काही झालं नाही, ती वेळेत सुटली. माझं तोंड निवळायला वर्ष गेलं, गालांवर खड्डे राहिले, उन्हात मी अजून जास्त वेळ उभी राहू शकत नाही. दादांनी ते मलम पुन्हा विकलं नाही. ते गेले तेव्हा दिगू मला म्हणाला, "त्या दिवशी त्यांनी एवढा हापसा मारला, तीच माफी समज." मी तसं समजत नाही. आईने सांगितलं म्हणून त्यांनी पाणी काढलं. माफी मागायची होती तर पेटी खांद्यावर घेऊन ते जिथे दर आठवड्याला जायचे, तिथे एकदा रिकाम्या हाताने जायचं होतं, आणि रुक्मिणच्या आईला सांगायचं होतं की तुमच्या पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. शाळा उघडली तेव्हा आमच्या बाकावर मी एकटीच होते. रुक्मिणने शाळा सोडली आणि दादांनी चकलांब्याचा बाजार.